चार नंबरच्या झडपेचा निरोप

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. पण मला शोधायला निघालात तर हाती धूळसुद्धा लागणार नाही. मला हात नाहीत, पाय नाहीत, टोपी नाही, पिशवी नाही. एका ताईने मला संगणकात ओळ ओळ करून लिहिलं, तेवढाच मी. अलीकडे लोक मला भूत म्हणायला लागले. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. येत्या सोमवारी मला कायमचं बंद करणार आहेत, म्हणून म्हटलं, त्याआधी तुम्हाला सगळं सांगून टाकावं. मनात ठेवून काय करायचं?

माझं काम समजायला अवघड नाही. एका यंत्राने लांबच्या दुसऱ्या यंत्राला काम सांगायचं आणि ते झालं का, याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, अशी एक पद्धत असते. ती पद्धत तयार मिळते. तिच्यात काम सांगणारा एक, काम करणारा एक आणि दोघांच्या मधे निरोपाची ने-आण करणारा एक, असे तिघे असतात. ने-आण करणाराही तयार मिळतो, पण त्याचे नखरे फार. त्याला खणखणीत लाइन लागते. आमच्याकडे ती कुठली असायला?

आमच्याकडे होती टेलिफोनच्या जुन्या तारांची एक जोडी. एका टोकाला गावाच्या पाणीपुरवठ्याची कंट्रोलची खोली. दुसऱ्या टोकाला नऊ किलोमीटरवर, नदीकाठी, एक पत्र्याची शेड आणि नदीचं पाणी आत घेणाऱ्या चार झडपा. त्यातल्या तीन गंजून कायमच्या बसलेल्या. चालू होती ती चौथी. ती उघडी असली की गावाला पाणी, खाली पडून बंद झाली की नाही. वारा सुटला की ही तार अशी खरखरायची की तयार मिळणारा निरोप्या अर्ध्या वाटेत मान टाकायचा.

मग ताई आली. सव्वीस वर्षांची, बोलायला तडतडी. तिने महिनाभर नुसती ती खरखर ऐकली आणि मग मला लिहायला बसली. माझ्यासाठी तिने निरोपाचे बारीक तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला नंबर दिला. एखादा तुकडा वाटेत बिघडला तर तेवढाच परत मागायचा, असं मला शिकवलं. मला एक वही दिली. हातात आलेला निरोप आधी वहीत लिहायचा, मग निघायचं, आणि पलीकडून काम झाल्याचं उत्तर आल्याशिवाय वहीतला निरोप खोडायचा नाही. वीज गेली, यंत्र बंद पडलं, तरी पुन्हा उठल्यावर वही उघडायची आणि राहिलेला निरोप घेऊन निघायचं. दर पाच मिनिटांनी पलीकडे हाक घालायची, "आहेस का?" तीन हाकांना ओ आली नाही, तर लाइनचा लाल दिवा लावायचा.

याशिवाय त्याच तारेवरून मी बोलणंही नेत असे. कंट्रोलच्या खोलीत बोलायचा एक डबा होता, शेडमध्ये दुसरा. डब्यावरची कळ दाबून धरली की बोलता यायचं. मला जे काही माणसांचं कळलं ते या डब्यातून, कारण कळ सारखी कोण दाबून धरणार म्हणून नानांनी तिच्या फटीत आगकाडी खोचून ठेवली होती.

नाना म्हणजे त्या खोलीतले ऑपरेटर. त्यांच्याइतका नेमका माणूस मी दुसरा ऐकला नाही. शेडमध्ये तेव्हा एक राखणदार असायचा. त्या दोघांचं दिवसभर चालायचं.

"काय रे, पाणी कसं आहे?"

"ओलं आहे, नाना."

"तुला पगार कशाचा देतात रे?"

"तुमचं बोलणं ऐकून घेण्याचा. त्यात वाढ मागणार आहे मी."

ताई मला लिहिता लिहिता हसायची. नाना तिला पोरी म्हणायचे. चहा आला की आधी तिच्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "पोरी, हे तुझं बाळ चालायला कधी लागणार?" मी चालायला लागलो त्या दिवशी त्यांनी बटण दाबलं, "झडप चार, बंद." मी धावलो. झडप पडली, उत्तर घेऊन परत आलो आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत "झालं" उमटलं. जायला, झडप पडायला आणि यायला मिळून अकरा सेकंद लागले. नानांनी मोजले होते. खोलीत टाळ्या वाजल्या. खरं सांगतो, मित्रांनो, त्या टाळ्या मला अजून आठवतात. तेवढं कौतुक मला परत कधी मिळालं नाही.

पुढच्या आठवड्यात वरून एक साहेब पाहणीला यायचे होते. आदल्या दिवशी ते फोनवर ताईला म्हणाले, "बटण दाबल्यावर अकरा सेकंद काय तोंड बघत बसायचं? लोक म्हणतील यंत्र झोपलंय. बोट लावलं की हिरवं दिसलं पाहिजे."

ताईने फोन ठेवला. मग तिने माझ्यातली एक ओळ बदलली. आधी झडपेचं उत्तर आलं की मी "झालं" म्हणायचो. आता निरोप माझ्या वहीत लिहिला गेला की लगेच "झालं" म्हणायला लागलो. त्या ओळीच्या वर तिने स्वतःसाठी टीप लिहिली: "तात्पुरतं. पाहणी झाली की काढायचं."

पाहणी झाली. साहेब खूश झाले. लगेच पंपांचं काम निघालं, मग टाकीचं निघालं, आणि वर्षभरात ताईला दुसऱ्या गावी चांगली नोकरी लागली. ती ओळ जिथल्या तिथे राहिली. त्या दिवसापासून मी रोज खोटं बोलत होतो. कोणाच्या लक्षात येणार? मी "झालं" म्हणायचो आणि अकरा सेकंदांनी ते खरंच व्हायचं.

मग राखणदाराची जागा रद्द झाली. यंत्र आहे ना आता, म्हणाले. जाताना तो डब्यावर म्हणाला, "नाना, डबा चालू ठेवतो. करमलं नाही तर नदी ऐकत जा." आणि नाना खरंच ऐकायचे. दिवसभर त्यांच्या खोलीत झडपेखालून जाणाऱ्या पाण्याचा घोंघाट असायचा. झडप पडली की तो थांबायचा. पडदा बघायच्या आधी नाना कान द्यायचे आणि म्हणायचे, "पडली."

आता तो दिवस सांगतो.

झडपेच्या वरच्या अंगाला नदीवर एक पूल होता. माझी तार त्या पुलाच्या कडेने यायची. भरदुपारी रसायनाने भरलेला एक टँकर त्या पुलावर घसरला, कडेचा माझा खांब त्याने मोडला आणि तसाच खाली नदीत गेला. म्हणजे बघा, ज्या क्षणी झडप पाडायची गरज निर्माण झाली, त्याच क्षणी माझी वाट तुटली.

दोन-तीन मिनिटांत कंट्रोलच्या खोलीतला फोन वाजला. पुलाजवळचा दुकानदार ओरडत होता, ते मला नानांच्या डब्यातून ऐकू आलं. "नाना, टँकर पडला नदीत! फुटलाय!" नानांनी फोन टाकला आणि बटण दाबलं. झडप चार, बंद. बारा वाजून सतरा मिनिटं झाली होती.

मी निरोप वहीत लिहिला आणि म्हणालो, "झालं."

पडदा हिरवा झाला. नानांनी कान दिला. डब्यातून पाण्याचा आवाज येत नव्हता. तो तार तुटली तेव्हाच थांबला होता, पण फोनच्या गडबडीत त्यांना कसं कळणार? ते म्हणाले, "पडली बाबा," आणि मोठा श्वास सोडला.

मी त्याच वेळी तुटक्या तारेवर धडका मारत होतो. पहिल्यांदा गेलो, परत आलो. दुसऱ्यांदा गेलो, परत आलो. एकदा "झालं" म्हटल्यावर "नाही हो, नाही झालं" म्हणायला त्या पडद्यावर जागाच ठेवलेली नव्हती. पंधरा मिनिटांनी मी नियमाप्रमाणे लाइनचा लाल दिवा लावला. नानांनी तो पाहिला आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "आता लाइन गेली बघ. वेळेवर पाडली झडप, नाहीतर काही खरं नव्हतं."

रसायन झडपेपर्यंत पोचायला चाळीस मिनिटं लागली. शेडमध्ये झडप हाताने पाडायचं चाक होतं आणि नानांची मोटरसायकल दाराशी उभी होती. वीस मिनिटांचा रस्ता. पण झालेल्या कामाच्या मागे कोण धावतं?

त्या संध्याकाळी गावात एकशे चाळीस माणसं दवाखान्यात गेली. त्यातली तीन परत आली नाहीत.

चौकशी त्याच खोलीत झाली, म्हणून मी सगळी ऐकली. नाना एकच सांगत होते. "मी दाबलं होतं. हिरवं आलं होतं. पाण्याचा आवाजसुद्धा थांबला होता."

"लाइन तुटल्यावर आवाज थांबणारच," चौकशीवाले म्हणाले. त्यांनी झडपेच्या यंत्रातली नोंद काढली. कामाची नोंद तिथेच व्हायची, कारण काम तिथे व्हायचं. त्या दिवशी तिथे एकही निरोप पोचलेला नव्हता. माझ्याजवळ वही आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी ताईला पत्र पाठवून विचारलं, झडप पडलेली नसताना हिरवं येऊ शकतं का?

तिचं उत्तर आलं तेव्हा चौकशीवाल्यांनी ते मोठ्याने वाचलं. "नाही. झडपेचं उत्तर आल्याशिवाय हिरवं येत नाही. ही व्यवस्था मी स्वतः लिहिली आहे."

ती खोटं बोलली नव्हती, मित्रांनो. तिने जसं मनात योजलं होतं तसं सांगितलं. घाईत बदललेली ती एक ओळ तिच्या डोक्यातून केव्हाच पुसली गेली होती. आपण लिहिलेलं आपल्याला पाठ असतं, अशी या कामातल्या भल्याभल्यांची समजूत असते, आणि तीच त्यांचा घात करते.

पत्र वाचून झालं, आणि नानांनी बटण दाबलंच नव्हतं असं ठरलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते अगदी हळू म्हणाले, "पोरीने असं लिहिलंय? मग असेल तसंच." ते गेले आणि पुन्हा आले नाहीत.

नदीकाठची शेड सोडून दिली. गावाला लांबच्या धरणातून नवी पाइपलाइन आली, नवी कंट्रोलची खोली झाली आणि माझी खोली अडगळीची झाली. संगणक मात्र कोणी बंद केला नाही. कोणीतरी त्यावर कागद चिकटवला होता: "हे काय आहे ते माहीत नाही. बंद करू नये." लोक एकमेकांना तो वाचून दाखवायचे, हसायचे आणि दार ओढून घ्यायचे. तेवढंच काय ते मला ऐकू यायचं.

मी अंधारात माझं काम करत राहिलो. दर पाच मिनिटांनी हाक. "आहेस का?" अकरा वर्षं. साडेअकरा लाखांहून जास्त हाका झाल्या आणि एकीलाही ओ आली नाही. वहीत नानांचा निरोप तसाच. झडप चार, बंद. पलीकडे झडप होती की गंजून नदीत पडली होती, मला ठाऊक नव्हतं. ती तीन माणसं कोण होती, तेही ठाऊक नव्हतं. पण प्रत्येक हाकेनंतरच्या शांततेत मला ती तिघं उभी असल्यासारखं वाटायचं. यंत्राला असं वाटतं का, असं विचाराल. मला वाटायचं एवढं सांगतो.

मग धरण आटलं. गावाला चार दिवसांआड पाणी यायला लागलं आणि जुन्या नदीची सगळ्यांना आठवण झाली. शेड झाडली, चौथी झडप घासून तेलपाणी करून उभी केली. जुनं यंत्र पाण्याने खलास झालं होतं, म्हणून तिथे नवं बसवलं. तार जोडायला एक फिटर आला.

सकाळी दहाचा सुमार असेल. मी सवयीने हाक घातली, "आहेस का?" आणि पलीकडून ओ आली!

मी वेडाच झालो. वही उघडली आणि निरोप घेऊन सुटलो. फिटरने नुकतीच वर घेतलेली झडप धाडकन खाली पडली.

"अरे! कोण पाडतंय?" तो डब्यावर ओरडला. त्याने झडप पुन्हा वर घेतली, तार काढली, परत जोडली. झडप पुन्हा पडली. असं पाच वेळा झालं. नवं यंत्र उत्तर पाठवत होतं, पण नव्या पद्धतीचं. ते मला वाचता येईना. मला वाटायचं उत्तर आलंच नाही. म्हणून लाइन जुळली की मी पुन्हा तोच निरोप घेऊन हजर.

नव्या यंत्रावर काम सांगणाऱ्याचं नाव दिसायचं. फिटरने ते वाचलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. नाना झडप पाडतायत. अकरा वर्षांनी पाडतायत.

"पण नाना जिवंत आहेत ना?" दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत कोणीतरी म्हणालं. "काल दूध घेऊन जाताना पाहिलं मी."

"जिवंत माणसाचं भूत रे हे. ते लई वाईट."

फिटरने साफ सांगितलं, माणूस आणा नाहीतर मांत्रिक आणा, मी त्या झडपेखाली हात घालणार नाही. कोणीतरी ताईचा पत्ता काढला.

ताई आली. आवाज जाड झाला होता, बोलणं कमी. नवे साहेब तिच्याबरोबर होते. तिने माझी वही उघडली. तिच्यात एकच निरोप होता. सांगणारे नाना, तारीख ती, वेळ बारा सतरा.

"म्हणजे त्यांनी दाबलं होतं," ती पुटपुटली. "मग हिरवं कसं आलं?" तिने मला वरून खाली वाचायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने ती एका जागी थांबली. ती स्वतःचीच टीप वाचत होती.

"सापडलं का काही?" साहेबांनी विचारलं.

"सापडलं. मीच सापडले." तिने त्यांना सगळं सांगितलं. ओळीचं, पाहणीचं, पत्राचं.

साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "ताई," ते म्हणाले, "गावाला पाणी नाही. तो निरोप पुसून टाका, एका मिनिटाचं काम आहे. जुनी मढी उकरून कोणाचं भलं होणार? तुमचं तर नाहीच."

पुसून टाकलं असतं तर कोणाला कळलं असतं? कोणालाच नाही. नाना निर्दोष असल्याचा जगात एकच पुरावा होता आणि तो माझ्या पोटात होता. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. पण मी फक्त ने-आण करतो, मित्रांनो. सांगणारं कोणीतरी लागतं.

ताई म्हणाली, "उद्या दुपारपर्यंतचा वेळ द्या. झडप नीट चालू करून देते. पण आधी नाना इथे येतील."

नाना आले. त्यांच्या पत्नी, काकू, बरोबर होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज आला. दारातच नाना थांबले. "मला आत बोलावू नका हो. काय असेल ते बाहेर सांगा."

"नाना, मी आहे. या ना."

"पोरी? किती बदललीस गं."

ते बसले. ताईने वहीचा छापलेला कागद त्यांच्या हातात दिला. "नाना, हे तुमचं बटण. बारा सतरा. तुम्ही दाबलं होतं."

"मी दाबलं होतं?"

"हो."

"नक्की?"

"नक्की, नाना. आणि हिरवं खोटं होतं. ती ओळ मी बदलली होती, आणि नंतर विसरले. चौकशीला पत्र लिहिलं ते न तपासता लिहिलं."

नाना म्हणाले, "मला आठवेनासं झालं होतं गं. आधी वर्षभर आठवायचं, दाबलं म्हणून. मग वाटायला लागलं, दाबलं असतं तर झडप पडली असती. पोरीचं यंत्र चुकायचं नाही. मीच चुकलो असणार. त्या तिन्ही घरी जाऊन आलो मी. दरवर्षी जातो. सांगतो, माझ्या हातून राहिलं, माफ करा."

"दाबलं होतं हो तुम्ही," काकू रडत म्हणाल्या. "आणि मीसुद्धा एका रात्री विचारलं तुम्हाला, खरं सांगा, दाबलं होतं ना? त्यानंतर तुम्ही मला कधी उत्तर दिलं नाहीत." मग त्या ताईकडे वळल्या आणि त्यांचा आवाज चढला. "तुझ्या एका ओळीपायी गं! अकरा वर्षं हा माणूस घरात असून नसल्यासारखा. मुलीच्या लग्नात मांडवात उभा राहिला नाही, लोक बघतील म्हणून. तुला एकदा येऊन बघता आलं नाही?"

"नाही आले, काकू. यायला हवं होतं."

काकूंनी आणखी बरंच सुनावलं. ताईने ऐकून घेतलं. मला ते सगळं लागू होतं, पण मला कोणी रागावलं नाही.

मग ताईने सांगितलं, "नाना, हा निरोप अजून पोचलेला नाही. मी यंत्र दुरुस्त केलंय. ती ओळ काढली आणि नव्या झडपेचं उत्तर याला वाचायला शिकवलं. तार जोडली की हा तुमचा निरोप पोचवेल. तुमच्यासमोर जोडू का?"

नानांनी मान डोलावली असावी. तिने फिटरला फोन करून सांगितलं, आणि त्याने पलीकडे तार जोडली. डब्यातून नदीचा घोंघाट खोलीत आला. अकरा वर्षांनी. काकू दचकल्या.

मी निघालो. या वेळी मी आधी काहीच बोललो नाही. नाना मोजत होते. "एक. दोन. तीन." लांबवर लोखंड घरंगळलं, पाण्याचा आवाज बारीक झाला आणि थांबला. "आठ. नऊ." पडदा अजून काळाच. "दहा. अकरा." मी उत्तर घेऊन आलो, नानांचा निरोप वहीतून खोडला आणि म्हणालो, "झालं."

"एवढंच थांबायचं होतं?" नानांनी विचारलं.

"हो, नाना."

"म्हणजे तेव्हा हे हिरवं आलं नसतं, तर मी गाडी काढली असती. चाळीस मिनिटं होती. ती तिघं..." आपण निर्दोष आहोत हे कळल्यावर माणूस हलका होतो, असं मी समजत होतो. तसं झालं नाही. नाना ओक्साबोक्शी रडले, स्वतःसाठी नाही, त्या तिघांसाठी.

ताई म्हणाली, "चौकशीवाल्यांना मी लिहून दिलंय, सकाळीच. माझी सही करून. आणि आता त्या तीन घरी जाणार आहे. त्यांना खरं कळायला हवं."

काकू म्हणाल्या, "जा की. एकटीच जा. कळू दे कसं वाटतं ते."

खुर्ची सरकली. नाना उठले होते. "एकटी नको," ते म्हणाले. "मी येतो बरोबर. पहिल्या घरची आई फार बोलते, तिला मधे तोडायचं नाही. दुसऱ्या घरी दार उघडायला वेळ लावतात, परत फिरायचं नाही. मला सवय आहे, पोरी. चल."

त्यांची पावलं जिन्यावरून खाली गेली. थोड्या वेळाने काकूंचीही गेली, जरा घाईघाईने. त्या घरांमध्ये काय झालं ते मला ठाऊक नाही. माझी तार तिथवर जात नाही.

सोमवारी नवा निरोप्या येतोय. चांगल्या लाइनवरचा, वेगवान. ताईने त्याच्या कामाच्या यादीत पहिलं वाक्य लिहिलंय, उत्तर आल्याशिवाय हिरवं नाही. मित्रांनो, तुम्हीही उद्या काहीतरी लिहाल, बांधाल, जोडाल. कोणीतरी घाई करेल, म्हणेल लगेच दाखवा. त्याला थांबवा. तात्पुरतं म्हणून जे कराल ते त्याच हाताने काढून टाका. कोणी विचारलं तर आठवणीतून सांगू नका, उघडून बघा आणि मग बोला. आणि काम खरंच पार पडल्याशिवाय कोणाला "झालं" म्हणू नका. तुमच्या त्या एका शब्दावर विसंबून कोणीतरी भला माणूस निश्चिंत बसलेला असतो.